बाहेरून लावायची कडी

तारपीन, गंज आणि नव्या सुतळीचा वास एकत्र आला, की आजही मी वाट बदलते. का, ते मी कुणालाच सांगितलेले नाही — नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला तरी शेवटपर्यंत सांगू शकेन का?

तो वास हुडकेश्वरच्या आमच्या घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानाचा. मला ते दुकान आवडायचे. तागडीत ओतलेल्या खिळ्यांचा खळाळ ऐकत मी उगाच रेंगाळायची. मालकाची एक रीत होती. मागितलेली वस्तू तो लगेच देत नसे. "वस्तू नका मांगू, काम सांगा," म्हणे. टपकत्या नळासाठी नवा नळ मागणाऱ्याच्या हातावर वॉशर ठेवी आणि वर सुनावी, "घरचं मानूस कुरकुर करते तं मानूस बदलता का गा?" हसू यायचे. पटायचेही.

त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे होती. माणसे, रस्ते, स्वतःचे वय — तिच्यातले एकेक विझत चालले होते. एकदा ती घराबाहेर पडली आणि सापडली ती मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या धुळीत, अनवाणी. तापल्या डांबराने तळवे सोललेले. नवरा नोकरीसाठी मौद्यालाच राहणारा, मी कॉलेजात कविता शिकवणारी. दिवसभर तिच्याजवळ बसणारे कुणी मिळत नव्हते — की मी नीट शोधलेच नव्हते?

मी कडी मागायला गेले.

"कायले पाहिजे, ताई?"

आईसाठी — एवढेच तर म्हणायचे होते. म्हटले असते, तर त्याने दुसरे काही सुचवलेही असते. मी म्हणाले, माकडं लय येतात. मागच्या खोलीले लावाची आहे, बाहेरून.

"बाहेरून?" तो थबकला. "मंग माकडाले आतमंदी ठेवून रायले का?"

"पाळलं असन गा ताईनं!" तोटी घ्यायला आलेला एक जण म्हणाला.

सगळे हसले. आणि मी — कसे लिहू हे? — मीही हसले. सगळ्यांहून मोठ्याने. वर म्हणाले, "लय नाचते ना, भाऊ. कोंडूनच ठेवा लागते."

माझ्या आईविषयी म्हणाले मी ते.

स्क्रू मीच पिळले. आई पलंगावर बसून कौतुकाने पाहत होती. एक स्क्रू घरंगळत गेला, तो तिने वाकून उचलला, पदराने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मग मी रोज कडी लावून कॉलेजला जाऊ लागले. आधी ती हाका मारायची. नंतर दार वाजवायची. पुढेपुढे लाकडावरून फिरणाऱ्या तळव्याची खरखर तेवढी ऐकू येई. भीतीपोटी केले, असे म्हणू? पण मी घरात असतानाही कडी लावलीच की — पेपर तपासताना. कधी तर केवळ चहा गरम असताना प्यावा म्हणून. ती भीती नव्हती. मला तिचा कंटाळा आला होता.

नवरा घरी किंवा भाऊ भेटायला येणार असला, की मी कडी काढून ठेवायची आणि स्क्रूंची भोके मेणाने बुजवायची. आई गेली, तेव्हा सगळ्यांसमोर भाऊ माझ्या पाया पडला. "ताईनं आईले एक दिवस एकटं नाही सोडलं," म्हणाला. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटले. मी वाटू दिले.

आणि आई असतानाची ती एक दुपार. कॉलेजातून येऊन मी कडी काढली, दार सताड उघडले. आई बाहेर आली नाही. उंबरठ्याच्या आतच, पदर सावरून, परक्याच्या दारी थांबावे तशी उभी राहिली. मी कोण, हे तिला उमगत नव्हते. माझ्याकडे अदबीने पाहत तिने विचारले,

"येऊ?"