जॅझच्या तव्यावर सोनेरी मोर

मंडळी, अजून डोकं तापलेलं आहे.

आज आमच्या बेव्हर्ली पार्कमधल्या सोसायटीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा होती, परीक्षक मी. हिनाबेनने एका जुन्या रेकॉर्डवर, तिच्या भाषेत तव्यावर, सोनेरी मोर रंगवून घड्याळ केलं होतं. मागे लेबल पाहिलं, तर जॅझ! कॉलेजात असताना बाबांसोबत ज्या सॅक्सोफोनवाल्याची मैफल ऐकली, त्याचीच रेकॉर्ड. कित्येक वर्षं शोधतेय मी ती.

“ये क्या किया?”

“आंटी, बेकार तवा था. अब काम का हुआ.”

“तवा काम का ही था. कान बेकार हैं आपके.”

“तो ले जाओ!” तिने फणकाऱ्याने घड्याळ माझ्या हातात कोंबलं.

घरी येऊन काटे आणि मागचं यंत्र काढलं, रेकॉर्ड प्लेअरवर न रंगवलेली बाजू लावली. आधी खरखर, मग तोच सॅक्सोफोन. मोर खाली तोंड करून फिरत होता.

तुमच्या माळ्यावर अशा रेकॉर्डी आहेत? ब्रश उचलण्याआधी एकदा ऐकाल का?