टेकडी अरेंगांची, होकार मोमिनांचा

सिलमे अरेंग गावकोर्टात आली ती पाठीवर आल्याची टोपली घेऊनच. बाजारचा दिवस होता, न्यायापायी बाजार बुडवणारी बाई ती नव्हे.

खटला नवऱ्यावरच होता. वालजान मोमिन गावचा नोकमा, म्हणजे मुखिया. पण ते मुखियापण बायकोच्या अंगाने आलेलं. मेघालयातल्या गारो डोंगरात जमीन आणि कुळाचं नाव आईकडून लेकीकडे जातं. आईने सगळ्या लेकींतून सिलमेला वारस नेमलं, कारण ती कुणाला भीत नसे. रिवाजाप्रमाणे लग्नासाठी अरेंग कुळातल्या पोरांनी वालजानला उचलून आणलं तेव्हा तो पळाला होता. पुन्हा आणला, तेव्हा तिच्या हातची कोंबडी खाऊन गुमान राहिला.

आता तुरा शहरातल्या एका ठेकेदाराला चुनखडीसाठी तिची टेकडी हवी होती. गावचा झरा त्याच टेकडीतून निघतो. वालजानने मामाला विचारून होकार दिला. विचारायचं असतं बायकोच्या मामा-भावांना, यानं विचारलं स्वतःच्या मामाला!

"अरे बाबा," लस्कर म्हणाला. लस्कर म्हणजे स्वायत्त परिषदेचा निवडून आलेला माणूस, तोच गावकोर्ट चालवी. "टेकडी अरेंगांची. मोमिनांच्या मामाला काय विचारतोस?"

"सवयीनं झालं," वालजान पुटपुटला.

"अठरा वर्षं माझ्या चुलीवरचं जेवतोय," सिलमे म्हणाली, "अन् सवय अजून आईच्या घरची!"

कोर्ट खो खो हसलं.

ठेकेदार उठला. "मी वर जाईन. राजधानीतून परवाना आणीन."

"खुशाल जा," लस्कर म्हणाला. "पण डोंगरातली जमीन डोंगराच्या रिवाजाने चालेल, असं घटनेतच लिहिलंय. अन् तूही गारोच ना? तुझ्या आईची टेकडी तुझ्या बापाने अशी देऊन टाकली असती तर?"

ठेकेदार खाली बसला.

सिलमेचा मामा आणि भाऊ पुढे झाले, एकेक करून नाही म्हणाले. होकार रद्द झाला, टेकडी राहिली. लस्करने वालजानला दंड ठोठावला: अरेंगांना न विचारल्याबद्दल एक डुक्कर कापून कुळाला जेवण.

"थांबा," सिलमे टोपली उचलता उचलता थबकली. "घर माझं, गोठा माझा, डुकरंही माझीच. मग दंड कुणाला झाला?"

लस्करने डोकं खाजवलं. "कापायचं त्यानं, रांधायचंही त्यानंच."

"हां," सिलमे म्हणाली, "हा झाला न्याय," आणि बाजाराच्या वाटेला लागली.