वळायच्या आधी सुटणारा चेंडू

अमेरिकन फुटबॉल मी चार वर्षं खेळलो, आणि तेही इंग्लंडात, लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये. हे ऐकून माणसं आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे ते हेल्मेटवालं? हो, तेच. खांद्यांवर पॅड, डोक्यावर हेल्मेट, अंड्याच्या आकाराचा चेंडू आणि रविवारी दुपारी रग्बीच्या मैदानावर एक-दोन कुत्री धरून वीसेक प्रेक्षक. मी रिसीव्हर होतो. मैदानाच्या पार कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की पळत सुटायचं आणि मध्ये उभा असलेला क्वार्टरबॅक लांबून जो चेंडू फेकेल तो झेलायचा. त्यानं फेकला तर.

आमचा क्वार्टरबॅक पोस्टमन होता. लाल केसांचा, कमी बोलणारा. दुसऱ्या कडेचा रिसीव्हर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एकाच व्हॅनमधून यायचे, एकाच व्हॅनमधून जायचे. पहिल्या सीझनला मी स्वतःची समजूत घातली की आपण नवे आहोत. शिवाय मी नागपूरहून नऊ वर्षांचा असताना आलेला, हात क्रिकेटचे. चेंडू बोटांनी पकडायच्या ऐवजी पोटाशी ओढून घ्यायचो आणि तो छातीवरच्या पॅडवर आपटून उडायचा. ते सुधारलं. दुसऱ्या सीझनला माझे हात अख्ख्या टीममध्ये सगळ्यांत चांगले होते, कोच तसं सगळ्यांसमोर म्हणाला होता. तरी चेंडू त्या दोस्ताकडेच जायचे. तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली.

मग मी एक वही सुरू केली. मॅच संपली की गाडीत बसून आठवून आठवून लिहायचो: दोस्ताला किती टाकले, मला किती. माझ्या रकान्यात शेरेसुद्धा असायचे. 'उशिरा टाकला.' 'मुद्दाम लांब.' 'मी मोकळा, पाहिलंच नाही.' ही वही मी किटबॅगमध्ये एका जाड मोज्यात लपवून ठेवायचो, कारण कुणीतरी बॅगेत हात घालतं असाही मला संशय होता.

हा स्वभाव आला कुठून ते सांगतो. माझे बाबा कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, इंजिनिअर होते. त्यांनी ज्यांना काम शिकवलं अशी तीन माणसं पुढे त्यांची साहेब झाली. आणि लंडनच्या पिनर भागात मराठी लोकांच्या कार्यक्रमाला गेलं की कुणीतरी हसतमुखानं विचारायचं, "नाव कळलं, पण पूर्ण नाव काय?" बाबा तेवढ्याच हसतमुखानं आडनाव सांगायचे आणि घरी येताना गाडीत आईला सांगायचे की त्यानंतर कोण किती वेळ आपल्याशी बोललं. आम्ही बौद्ध. त्या प्रश्नाला आमच्या घरात तीन पिढ्यांचा सराव आहे. बाबांचा संशय फुकटचा नव्हता, त्यांनी तो कमावला होता, आणि मी तो आयता घेतला.

चौथ्या सीझनला कोचनं सांगितलं की जर्मनीतल्या एका क्लबचा कोच आमची शेवटची मॅच बघायला येणार आहे. त्याला एक रिसीव्हर हवा होता. एकच. तिथं म्हणे खेळाडूंना राहायला जागा देतात आणि मैदानावर खरोखर माणसं असतात. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचो. पुढच्या वर्षी मला कुणी बघायला येणार नव्हतं. त्या टीममधली ती एक जागा मला हवी होती. पण नुसतं पळून दाखवून जागा मिळत नाही, चेंडू यावा लागतो.

पुढच्या मंगळवारी ट्रेनिंगच्या आधी चेंजिंग रूममध्ये मी क्वार्टरबॅकला गाठलं आणि वही त्याच्यासमोर धरली. त्याच्या दोस्ताच्या रकान्यात पानं भरलेली आणि माझ्या रकान्यात शेरेच जास्त.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"तूच सांग. मी गोरा असतो तर ही वही अशीच दिसली असती?"

तो कानापर्यंत लाल झाला. हातात एक बूट तसाच राहिला. त्यानं वहीचं एक पान उलटलं.

"मी टाकतो तुला," तो म्हणाला. "तू तिथं नसतोस. टेप बघ."

कोचची बायको सगळ्या मॅचेस कॅमेऱ्यावर घ्यायची. स्वतःहून टेप बघ म्हणतोय, म्हणजे मी बघणार नाही अशी ह्याची खात्री दिसते, असं मला वाटलं. मी तिच्याकडून तीन टेप आणल्या. पुरावा म्हणून कुठल्या जागा काढून ठेवायच्या हेही ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी बाबा आणि मी पुढच्या खोलीत बसलो. बाबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी एक चाल समजावली. मी सरळ सात पावलं पळायचं, आठव्याला झटकन बाहेरच्या रेषेकडे वळायचं. क्वार्टरबॅक मात्र सहाव्या पावलालाच चेंडू सोडतो, मी वळायच्या आधी, जिथं कुणी नाही अशा गवताच्या तुकड्याकडे. मी वळलो की चेंडू समोर हजर. मधली सात पावलं मागं बघायचं नाही.

"म्हणजे त्यानं टाकला का नाही ते तुला माहीतच नसतं," बाबा म्हणाले.

"नसतं."

"अवघड आहे."

टेप सुरू झाली. मी शेरे वाचत होतो, बाबा टीव्ही बघत होते. तिसऱ्या-चौथ्या चालीला ते म्हणाले, "थांब. मागं घे जरा." मी घेतली. "पुन्हा." मी पुन्हा घेतली.

"तू मागं काहून पाहतोस?"

"कुठं?"

"हे काय. पाचव्या पावलाला. मुंडकं वळलं पहा."

वळलं होतं. पुढच्या चालीतही आणि त्याच्या पुढच्याही. पाचव्या पावलाला, कधी चौथ्याला, माझं हेल्मेट गर्रकन मागं फिरायचं, पाय अडखळायचे, मला अडवायला ठेवलेल्या समोरच्या टीमच्या खेळाडूला मी कुठं वळणार ते कळायचं. चेंडू मात्र बरोबर त्या गवताच्या तुकड्यावर पडायचा आणि मी दोन हात मागे. माझ्या वहीत तिथं लिहिलं होतं, 'मुद्दाम लांब.' पुढे पुढे त्यानं टाकणं कमी केलं होतं, आणि टेप बघितल्यावर तेही समजत होतं. मला इतकी लाज वाटली की मी रिमोट बाबांच्या हातात दिला.

बाबांनी टीव्ही बंद केला. "ऑफिसात मी पण असाच पाहतो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण मला पाहावंच लागते." आणि चहा टाकायला उठले.

मॅचला तीन आठवडे होते. रोज संध्याकाळी बाबा माझ्याबरोबर पार्कात यायचे, मी सात पावलं पळायचो आणि हा साठीला टेकलेला माणूस कोट घालून मागून ओरडायचा, "पाहू नको! पाहू नको रे!" कुत्री फिरवणारे थांबून बघायचे. हळूहळू मान ताब्यात यायला लागली. एक गोष्ट मात्र मी केली नाही. क्वार्टरबॅकची माफी मागितली नाही. टेप परत केल्या, त्याला "बघितल्या" एवढंच म्हणालो आणि पुढं काही बोललो नाही. त्या वहीतला एखादा तरी शेरा खरा निघेल अशी आशा मला अजून होती.

मॅचच्या दिवशी जर्मन कोच करड्या जॅकेटमध्ये घडीच्या खुर्चीवर बसला होता. पूर्वार्धात क्वार्टरबॅकनं एकदा माझ्याकडे टाकला. पाचव्या पावलाला माझी मान आपोआप फिरली आणि चेंडू गवतावर आपटला. तो पुढच्या चालीकडे वळला. आणि खरं सांगतो, टेप बघून झाल्यावरही, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं की ह्यानं जर्मन माणसासमोर मुद्दामच जोरात टाकला.

शेवटचं मिनिट उरलं आणि आम्ही पाच गुणांनी मागे होतो. आम्ही गोल करून डोकी जुळवली आणि क्वार्टरबॅकनं चाल सांगितली. तीच, सात पावलांची, माझी. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

मी पळालो. पाचवं पाऊल. मान दुखत होती, फिरली नाही. सहावं, सातवं. आठव्याला वळलो, हात वर, बोटं पसरलेली. मला अडवणारा खेळाडू अजून सरळच धावत होता. आसपास कुणी नव्हतं. इतकी मोकळी जागा मला चार वर्षांत मिळाली नव्हती.

चेंडू नव्हता. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, दोस्ताच्या हातात उतरत होता. त्याचे पाय मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात, रेषेच्या आत पडले, म्हणजे सहा गुण, आणि सगळे ओरडत तिकडे धावले. आम्ही जिंकलो. करड्या जॅकेटवाल्यानं दोस्ताशी हात मिळवला आणि तो उन्हाळा दोस्तानं जर्मनीत काढला.

मी होतो तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं क्वार्टरबॅक माझ्याकडे आला, हेल्मेट काखेत.

"तू मोकळा होतास," तो म्हणाला.

"हो."

"मी टाकणार होतो. मग वाटलं, तू मागं बघशील."

त्याच्या चेहऱ्यावर काही लपवल्यासारखं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकला नसता. तेव्हा कुठं मी माफी मागितली, वहीबद्दल आणि त्या दिवशी बोललो त्याबद्दल. तो पॅडचे पट्टे सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "असू दे, झालं ते झालं."

त्यानं ते मनापासून म्हटलं की नुसतंच म्हणायचं म्हणून, याचा मी अजूनही विचार करत असतो.