आक्काच्या भाऊबिजेची खरेदी

वसुबारसेच्या दिवशी गुलमंडीवर, साडीच्या दुकानात बसल्या बसल्या माझं आणि बायकोचं भांडण झालं. विषय दरवर्षीचाच... भाऊबिजेला आक्काला काय घ्यायचं.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. दौलताबादच्या पुढं एका खेड्यात दिलेली. दीड तासात गादीवर साड्यांचा ढीग झाला होता. मी मोरपंखीवर अडलेलो, आणि बायको म्हणत होती, अहो, हाच रंग गेल्या वर्षी दिला.

शेवटी वैतागून आक्कालाच फोन लावला. हे आधी कधी सुचलंच नव्हतं... भेट न विचारता द्यायची असते, असा आपला समज.

"साडी नको रं," आक्का म्हणाली. "दोन वर्सांच्या तशाच घडीवर हायेत. नेसून जाऊ कुठं? टँकर कवा येईल नेम नाय. तुझे दाजी कंपनीत, आन सासूबाईंच्यानं हंडा उचलत नाय."

त्या दुष्काळात शहरात, आमच्या गारखेड्यातही नळाला आठवड्यानं पाणी यायचं, म्हणून पाण्याचे हाल आपल्याला कळतात असं मला वाटायचं. पण गेल्या दोन दिवाळ्या आक्का माहेरी आली नव्हती. आई वाट बघायची आणि मी साडी पाठवून मोकळा व्हायचो. खरं सांगतो, स्वतःचीच लाज वाटली.

भाऊबिजेला सकाळीच तिच्या दारात हजर झालो. तिनं ओवाळलं. मग म्हणालो, "आता तू आईकडं जा. आज टँकरला मी थांबतो."

"तुला जमंल व्हय? लई ढकलाढकल असती." हसली, पण डोळे भरले होते. तिला काळीपिवळीत बसवून दिलं, तरी खिडकीतून सूचना चालूच... पिण्याचा ड्रम आधी भर, म्हशीचा मागून.

टँकर आला बारा वाजता. सगळी आळी पाइप घेऊन धावली आणि मी निम्मं पाणी अंगावर घेतलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पावणं, नीट धरा, सांडायलंय की." पण सहाही ड्रम भरले बरं का...

दुपारी घरी फोन केला. आई अगदी हळू बोलत होती. "आली, न्हाली, दोन घास खाल्ले आन माझ्या मांडीवरच झोपली. दोन तास झाले, मला बी हलता येईना. ठेव आता, उठंल ती."

मी लगेच फोन ठेवला. इतक्या वर्षांत तिच्यासाठी किती दुकानं पालथी घातली... आणि तिला काय हवंय, ते विचारायला एक फोन पुरला असता.