चौकशीला आलेला पाहुणा

घाटकोपरच्या आमच्या चाळीत काकू शेजारच्या खोलीत राहायच्या. आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळेतून आले की मी त्यांच्याकडेच जेवायचे. गिरणी बंद पडल्यावर काका खचले आणि गेले. काकूंनी लोकांकडे पोळ्या लाटून एकुलता एक मुलगा शिकवला. तो शिकला, अंधेरीला बड्या ऑफिसात लागला, लग्न करून तिकडेच राहिला, आणि हळूहळू यायचाच बंद झाला. फोनही उचलेना. त्याचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरतं. पण काकूंसमोर त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि पोळ्या सुटल्या. तेव्हा एका मंडळाकडून शिधा मिळायचा. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी कधी कागद मागितला नाही, तांदूळही चांगले द्यायची. फक्त पिशवी देताना फोटो काढायची, देणगीदारांना दाखवायला. काकू पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. एकदा कुणीतरी म्हणालं, "आजी, चेहरा दिसू द्या ना! हसा जरा." त्यानंतर त्या गेल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "फोटो फिरत फिरत तेच्या ऑफिसात गेलो तर? लोका काय म्हणतीत तेका?"

मी डबा पाठवायचे. तो कधी रिकामा परत आला नाही, तळाशी निदान चिमूटभर साखर असायचीच. घरातली साखर अशी संपवत होत्या बाई. साखर संपली तेव्हा डबाच नको म्हणाल्या.

शेवटी मी म्हटलं, सरकारी पेन्शनचा अर्ज करू. तिथे कुणापुढे हसायचं नाही, हक्काचे पैसे आहेत. अट एवढीच की सांभाळणारं कुणी नसावं. अर्ज केला आणि घरी चौकशीला माणूस येणार असं कळलं.

तो आला त्या दिवशी मी कामावर होते. संध्याकाळी परतले तर काकू एकदम खुशीत. "साहेब इल्ले गो. गोड माणूस!" पलंगावर ट्रंकेतली नवी चादर. मोरीत आमच्याच घरचे फुलांचे कप धुऊन पालथे घातलेले. वाण्याकडून उधारीवर नारळ आणून त्यांनी त्याला ओलं खोबरं घातलेले कांदेपोहे खायला घातले होते.

"मुलाचं विचारलं का?"

"विचारल्यान ना. मी सांगितलंय, माझो झील माका बरो बघता."

मी कपाळावर हात मारला. "काकू, तो तुमची गरिबी बघायला आला होता हो!"

"म्हणून काय घरात इलेल्या माणसाक सुक्या तोंडान धाडूचा?"

अर्ज नामंजूर झाला. त्या माणसाला तरी काय बोलणार? त्याने दिसलं ते लिहिलं. मंडळाला काकूंचा चेहरा हवा होता, सरकारला मुलाबद्दलचं खरं, आणि काकूंकडून या दोन्ही गोष्टी सुटत नव्हत्या. पावसाळाभर त्या चहात बुडवलेल्या पावावर राहिल्या. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी ओरडलेच, "एकदाच बोला, मुलगा सांभाळत नाही. खोटं आहे का ते?"

पुन्हा अर्ज केला आणि या वेळी मी रजा काढून त्यांना रिक्षाने ऑफिसात घेऊन गेले. टेबलामागच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी आधी खुर्ची दिली. मग विचारलं, "आजी, मुलगा?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाल्या, "नाय. माका झील नाय."

मी घाईने म्हटलं, "आहे, पण सांभाळत नाही." बाईंनी तसं लिहून घेतलं. काम झालं होतं. मला रडू आवरेना.

घरी आल्यावर काकू टेकल्यासुद्धा नाहीत. भिंतीवरचा मुलाचा फोटो काढून त्यांनी पाटावर ठेवला, मुठीत मीठ आणि सुक्या मिरच्या घेतल्या आणि ओठांत पुटपुटत त्याच्यावरून उतरवल्या. मग गॅस पेटवून ते सगळं तव्यावर टाकलं. मिरच्या काळ्या पडल्या. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो, पण कुणालाच ठसका लागला नाही.

"बघलंस? मोठी दिष्ट होती," त्या म्हणाल्या.

"कोणाची हो?"

"माझ्या तोंडाची."