आतल्या मालकिणीचं पथ्य

पुढे कुठलाही पदार्थ आला की भरे गावातले माझे घरमालक पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हात ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "इचारून सांगतो."

तिथं त्यांच्या बायकोची किडनी होती. त्यांनी दोन वर्षं डायलिसिसच्या खेपा घातल्यावर वहिनींनी ती दिली होती. "तीस वर्सं हिचं ऐकलं न्हाई, म्हणून आत येऊन बसली," असं ते भेटेल त्याला सांगत. मी गावच्या शाळेतला मास्तर, त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. तुम्हाला ठाऊकच आहे, पथ्यावरच्या माणसाला संध्याकाळी ऐकणारा कुणीतरी लागतो. तो मी होतो.

डायलिसिस चालू असताना त्यांना पाणी मोजून मिळे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज तीन लिटर प्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्याची कळशीच उशाशी ठेवली. तासातासाला मोरीकडे जात आणि विजयी चेहऱ्यानं परत येत. "सर, मुळशीचं धरण भरलं. दारं उघडली."

खाण्याचं मात्र कठीण होतं. लोणचं-पापड बंद, मीठ चिमटीनं, उघड्यावरचं काही नाही; आणि गोळ्यांनी भूक दुप्पट. एकदा त्यांचे साडू किडनी साफ करणारा झाडपाल्याचा काढा घेऊन आले. यांनी तो हात जोडून ठेवून घेतला आणि साडूंची पाठ वळताच कढीपत्त्याच्या मुळाशी ओतला. आठवड्यात झाड वाळून गेलं. "साफ करतो म्हणले हुते," घरमालक म्हणाले, "केलं की."

असा शहाणा माणूस गावच्या जत्रेत घसरला. बर्फ घातलेला उसाचा रस, वर पाणीपुरी. त्या दिवशी कुणालाच विचारलं नाही. रात्रीपासून जुलाब लागले, तिसऱ्या दिवशी दवाखाना. अंगातलं पाणी गेलं होतं आणि रक्ताच्या तपासणीत किडनीचा आकडा चढला होता.

मी डबा घेऊन गेलो तेव्हा बायको रागावेल म्हणून ते डोळे मिटून पडले होते. वहिनी रागावल्या नाहीत. त्यांना झोप लागलीय असं समजून मला हळूच म्हणाल्या, "सर, एक द्याजोगी हुती ती दिली. आता दुसरी कुटनं आणू?"

मिटलेल्या पापण्या हलल्या. पण झोपेचं सोंग त्यांनी शेवटपर्यंत मोडलं नाही.

सलाइन चढलं, आकडा हळूहळू उतरला, ते घरी आले.

पुढच्या जत्रेच्या वेळी माझ्या बदलीचा कागद आला होता. त्या वर्षी त्यांनी हट्टानं जत्रेच्या पंगतीत मटण वाढायचं काम मागून घेतलं. घरून दुधी-भाकरी जेवून आले, तोंडाला मास्क लावला आणि बादली उचलली. वाफेनं चष्मा धुरकटला होता, तरी वाढणं थांबलं नाही. बायकांच्या पंगतीत वहिनींपुढे येऊन ते थांबले, रस्सा ढवळून नळी शोधली आणि त्यांच्या ताटात ठेवली. वहिनींनी बास म्हणत हात आडवा धरला. तो बाजूला करून त्यांनी दुसरी वाढली.

"खा," ते म्हणाले. "दोघांचंबी तूच खा."