रुश्दींचे कप्पे आणि पहिल्यावर अडणारी लिफ्ट

कैरोच्या शुब्रा भागात स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही बाशमुहंदिस म्हणतात. रुश्दी अब्दुस्सय्यद मात्र खरेखुरे इंजिनीअर होते. तीस वर्षं त्यांनी लिफ्टचे मेंदू असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या बोलीत, लिहिले. चिपच्या पोटात रजिस्टर नावाचे जे इवलेसे कप्पे असतात, ते त्यांनी वडिलोपार्जित असल्यासारखे वापरले. विचारणारं कोण होतं? अख्ख्या प्रोग्रॅममध्ये ते एकटेच राहत.

मग लिफ्टच्या कारखान्यात तरुण इंजिनीअर नर्मीन आली आणि तिने सगळं सी भाषेत नव्याने लिहिलं. फक्त धावत्या लिफ्टमधून भिंतीवरची, मजला दाखवणारी चुंबकं टिपायचं काम त्या छोट्या चिपवर सीला झेपेना, म्हणून रुश्दींची एक असेंब्लीतली प्रोसिजर तिने ठेवून घेतली. सीने हाक मारायची, प्रोसिजरने मजला सांगायचा, की काम संपलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी, लिफ्ट बसवलेल्या इमारतीच्या मालकीण हज्जा बहीगा मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि त्यांनी पाचवं बटण दाबलं. लिफ्टने त्यांना पहिल्यावरच उतरवलं, ज्या जावेशी त्या अकरा वर्षं बोलत नव्हत्या, नेमकं तिच्या दारात. पुन्हा बटण दाबलं, तर तीच जाऊ, तेच दार.

नर्मीनचा सी एकटा तपासला, तर निर्दोष. रुश्दींची प्रोसिजर एकटी तपासली, तर तीही निर्दोष. कारखान्याच्या मालकांनी सांगून टाकलं की दुपारपर्यंत जमलं नाही तर मोठी चिप आणू आणि असेंब्ली काढून टाकू. लिफ्टमध्ये रुश्दींच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं.

"बाशमुहंदिस," नर्मीनने विचारलं, "तुम्ही कोणकोणते कप्पे वापरता?"

"सगळे."

"आणि निघताना आतलं सामान होतं तसं ठेवता ना?"

"कुणाचं सामान? कप्पे माझे आहेत, पोरी."

"आता सीच्या घरात पाहुणे आहात तुम्ही. चौथ्या कप्प्यात मी जायचा मजला ठेवते. तुम्ही तो पुसून वाचलेला मजला तिथे टाकता. पहिला आला की लिफ्टला वाटतं, पोचलो."

रुश्दींनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी प्रोसिजरच्या तोंडाशी दोन ओळी घातल्या: सीचं सामान असलेल्या दोन कप्प्यांतला ऐवज आधी स्टॅक नावाच्या थप्पीवर रचायचा. शेवटी आणखी दोन: तो परत जागच्या जागी. नर्मीन हलकेच खाकरली.

"थप्पीतलं वरचं आधी निघतं, बाशमुहंदिस. तुम्ही दोन्ही कप्प्यांतल्या सामानाची अदलाबदल केलीत."

"माहीत आहे. तुझं लक्ष आहे का ते पाहत होतो."

दुपारच्या अजानच्या आत हज्जा पाचव्यावर पोचल्या. मालकांनी विचारलं की चूक शेवटी होती कुणाची. नर्मीन सांभाळून काहीतरी सांगणार, तोच जे वाक्य आजवर बायकोलाही कधी ऐकायला मिळालं नव्हतं, ते रुश्दी बोलून गेले.

"चूक माझी. आणि दुरुस्तीही माझीच."

प्रोसिजर राहू द्या, असं मालकांच्या तोंडून निघेपर्यंत ते खुर्चीवरून हलले नाहीत.